लेस्याच्या मुठीतली कवळी

मी एक कवळी आहे. लगेच नाक मुरडू नका. म्हाताऱ्यांच्या उशाशी पाण्यात पडलेली असते तसली अख्खी कवळी नव्हे मी. माझ्यात दातच दोन, वरचे, अगदी समोरचे. टाळूला चिकटून बसायला एक पातळ गुलाबी पट्टी आणि शेजारच्या खऱ्या दातांना धरून ठेवायला तारेचे दोन आकडे, एवढाच माझा संसार. लोक मला 'खोटे दात' म्हणतात. म्हणोत बापडे. ज्या तोंडात मी उभी हयात काढली, त्या तोंडातून मी पुष्कळ खोटं ऐकलंय. 'मी ठीक आहे' हे तर शेकडो वेळा. आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा बोलले ती मीच, तेही तोंडाबाहेर पडून. तेव्हा खोटं कोण आणि खरं कोण, हे जरा जपून ठरवा.

ते तोंड नेस्टर पावलिशचं. आइस हॉकीतला फॉरवर्ड, कॅनडातल्या सास्काटूनच्या 'क्रेन्स', म्हणजे करकोचे, या संघाचा कप्तान. समोरच्या गोलरक्षकाला ज्याच्या नावानं आदल्या दिवसापासून घाम फुटायचा, तो. सोबती त्याला 'पॉली' म्हणायचे, कारण हॉकीत कोणाला सबंध नावानं हाक मारायची पद्धतच नाही.

त्याची कारकीर्द मी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्याबरोबर काढली, पण त्याचा एकही गोल पाहिला नाही. बर्फावर उतरण्याआधी हॉकीवाले कवळी काढून ठेवतात. एखादं कोपर बसलं आणि कवळी घशात गेली तर माणूस गुदमरायचा. म्हणून ज्याला खेळायचंय त्यानं दात बाहेर ठेवायचे, हा नियम. कधी न पाहिलेल्या त्या खेळाबद्दल मी काही बोलावं, एवढी माझी लायकी आहे का, असं मलाही कधीकधी वाटतं. पण बोलणार. पाहणाऱ्यांनी तरी काय पाहिलं?

माझा जन्म झोरिया नावाच्या गावातला. चहूकडे गव्हाची शेतं, मध्ये एक चर्च, एक धान्याचं कोठार आणि पत्र्याच्या छपराखाली बर्फाचं मैदान, म्हणजे रिंक. नेस्टर तेव्हा शाळेतच होता. एका मॅचमध्ये ती काळी रबरी चकती, पक म्हणतात तिला, बर्फावरून उसळली आणि थेट त्याच्या तोंडावर आली. एक दात पंचांना लगेच सापडला. दुसरा सापडला वसंतात, रिंकचा बर्फ वितळल्यावर.

त्याचे वडील कठड्याशी उभे होते. पोराच्या तोंडात रुमाल कोंबत ते म्हणाले, "गाईलाही वरचे पुढचे दात नसतात. तिचं कुठे काय अडतं?"

आईला मात्र हे पटलं नाही. ती गावच्या दंतवैद्याकडे गेली ती नेस्टरचा फोटो घेऊन. म्हणाली, याचा डावा दात उजव्यावर जरासा चढलेला होता, तसाच चढवा. दंतवैद्य म्हणाला, बाई, लोक सरळ दात मागायला येतात. ती म्हणाली, लोकांच्या पोरांचं लोक बघतील. म्हणून माझा डावा दात आजही जरा अंगावर आल्यासारखा पुढे आहे. सरळ वागणं मला जन्मतःच शिकवलं गेलं नाही, त्याला मी काय करू?

पुढे नेस्टर वाढत गेला आणि शहरं बदलत गेली. पहिल्या वर्षी क्रेन्सनं त्याला बाकावर बसवून ठेवलं. प्रशिक्षक म्हणायचे, बुटका आहे, खेडवळ आहे. दुसऱ्या वर्षी त्यानं इतके गोल केले की त्याच प्रशिक्षकांनी वर्तमानपत्रात सांगितलं, आम्ही त्याला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. हे मी तोंडात बसून ऐकलं आणि दात काढून हसले. म्हणजे त्यानं हसू दाबलं, मी दाबू शकले नाही.

खेळाडूंच्या खोलीत बेसिनच्या वर एक फळी होती. तिच्यावर कागदी पेले ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर जर्सीचा आकडा. सामान सांभाळणारा ऑगी एकेकाकडून दात गोळा करायचा आणि ज्याच्या त्याच्या पेल्यात ठेवायचा. आमची वसाहतच ती. माझी शेजारीण थिबोची कवळी. थिबो म्हणजे बचावाला खेळणारा, क्युबेकचा, दारासारखा रुंद गडी. त्याच्या कवळीत तीन दात, मधला सोन्याचा, त्यामुळे तिचा तोरा विचारू नका. भिंतीपलीकडे गलका व्हायचा, फळी थरथरायची, पाण्यात वलयं उठायची. ती म्हणायची, गोल झाला वाटतं. मी म्हणायची, झाला असेल. एवढीच आमची हॉकी.

मग लेस्या आली.

झोरियात नेस्टरच्या मावसभावाचं लग्न होतं. कोबीच्या पानात भात भरून केलेल्या होलुबत्सींचं ताट समोर आलं, आणि एका चिवट पानानं मला जागेवरून ओढून काढलं. नेस्टरनं मला गुपचूप रुमालात गुंडाळलं, रुमाल ताटाखाली सरकवला आणि नाचायला गेला. ताटं उचलणाऱ्यांत नवरीची मैत्रीण लेस्या होती. ती पहिलीच्या वर्गाला शिकवायची. तिनं रुमाल उघडला, मला दोन बोटांत वर धरलं, आणि वर्गात हरवलेली टोपी दाखवतात त्या आवाजात अख्ख्या मंडपाला विचारलं, "कोणाचे दात आहेत हे?"

सगळं लग्न थबकलं. जो माणूस हजारो लोकांपुढे खेळायचा, तो तोंडावर हात धरून, मान खाली घालून पुढे आला आणि म्हणाला, "माझे, बाई."

झालं. पुढच्या वर्षी त्यांचंच लग्न झालं.

त्यानंतर घरच्या मैदानावरच्या मॅचला मी ऑगीच्या पेल्यात गेले नाही. खोलीच्या दाराशी, बोळात, नेस्टर मला काढायचा आणि लेस्याच्या तळहातावर ठेवायचा. ती मूठ मिटायची आणि मूठ कोटाच्या खिशात घालायची. पहिल्यांदा असं केलं त्या दिवशी त्यानं तीन गोल केले, आणि मग कोणाची छाती आहे ही पद्धत मोडायची? हॉकीवाले वाघाला भीत नाहीत, पण डाव्याआधी उजवा मोजा चढवला तर त्यांची झोप उडते. मॅच संपली की तो घामानं निथळत बाहेर यायचा. ती मूठ पुढे धरायची. "कोणाचे दात?" "माझे, बाई." मग मूठ उघडायची. माझ्याशिवाय त्याला 'स' म्हणता यायचा नाही. ती मूठ उघडेपर्यंत तो तिला 'लेथ्या' म्हणायचा.

त्या मुठीतून मी त्याची सगळी मोठी वर्षं खेळले. गोल झाला की तिचा हात टाळ्या पिटायला खिशाबाहेर उडी मारायचा आणि मी तळाशी आपटायची. तो पडला की मूठ अशी आवळायची की माझे आकडे तिच्या तळव्यात रुतायचे. सगळ्यांत जास्त गोल करणाऱ्याचा मान त्याला मिळाला त्या हंगामात तिच्या हातावर खुणाच खुणा होत्या. टाळ्यांपेक्षा मूठच जास्त वेळा आवळली होती, हे कोणत्याही वर्तमानपत्रात आलं नाही.

लेक झेन्या जन्मली आणि माझ्या खिशात गर्दी झाली. चोखणी, बिस्किटांचा चुरा, एकच हातमोजा, कारण दुसरा कायमच हरवलेला. लेस्याला तेव्हा एक सवय लागली. पाळण्याशी जाऊन ती बाळाच्या नाकापुढे बोट धरायची, श्वास चालू आहे ना बघायची. पुढे तेच बोट ती झोपलेल्या नवऱ्याच्या नाकापुढेही धरू लागली. तिची बहीण फोनवर हसायची, तू तर चहा गरम आहे म्हणूनही घाबरशील. लेस्या म्हणायची, "असेल बाई. मी जरा जास्तच करते. पण जास्त केल्यामुळे अजून कोणी मेलेलं नाही." फोन ठेवला की मात्र ती ओट्यापाशी उभी राहून स्वतःलाच विचारायची, खरंच मी जास्त करते का? मी खिडकीतल्या पेल्यात असायची. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

कारण मला आतून कळत होतं. झेन्या तीन वर्षांची असताना, हिवाळ्यातल्या एका मॅचमध्ये कोणाचा तरी खांदा त्याच्या कानशिलावर बसला. मग दुसऱ्या मॅचमध्ये मैदानाच्या कडेची काच. मग पुन्हा एक खांदा. दर वेळी तो उठला, दर वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी मात्र तो न्याहारीला काळा चष्मा लावून बसू लागला. गॅरेजमध्ये जाऊन उभा राहायचा आणि कशाला आलो ते न आठवून परत यायचा. एका सकाळी त्यानं न्हाणीघरातली सगळी कपाटं धुंडाळली, टॉवेल झटकले, कचऱ्याची टोपली उपडी केली. शोधत होता मला. आणि मी त्याच्या तोंडात होते. सापडल्यावर तो आरशात बघून हसला, पण आरशातला माणूस हसत नव्हता.

डोक्याला मार बसला की संघाचे डॉक्टर विचारायचे ते प्रश्न ठरलेले. महिने उलटे म्हणा. हे शब्द लक्षात ठेवा. तो गाडी चालवता चालवता महिने उलटे म्हणायचा, डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, असे की जणू स्तोत्रच. मग डॉक्टर म्हणायचे, छान. तो म्हणायचा, मी ठीक आहे. प्रशिक्षक मॅकील म्हणायचे, माझा सिंह.

त्या वर्षी क्रेन्स अंतिम फेरीत पोचले. हॅलिफॅक्सशी सात मॅचची मालिका. सास्काटूनला तो चषक कधीच मिळाला नव्हता. दुकानांच्या काचांवर करकोचे रंगवले होते, चर्चमध्ये पाद्री आशीर्वादाच्या मध्येच घसा खाकरून गोलांची संख्या विचारत होते. सहावी मॅच हॅलिफॅक्सला. बाहेरगावी म्हणून मी ऑगीच्या पेल्यात. आपण जिंकलो. तीन-तीनची बरोबरी झाली, आता सातवी घरी.

खोलीत नुसता धिंगाणा होता. नेस्टर फळीपाशी आला, हात घातला आणि बाहेर टीव्हीवाल्यांकडे गेला. मी पेल्यात तशीच. माझी शेजारीण मात्र नव्हती. जरा वेळानं थिबो आला आणि शिळोप्याच्या गप्पा मारत त्यानं मला उचलून तोंडात घातलं. दुसऱ्या क्षणी मी त्याच्या तळहातावर.

"हे कुठल्या उंदराचं तोंड आहे?" तो ओरडला. खोली हसून लोळायला लागली. आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर नेस्टर दिसत होता, भगभगीत दिव्यात, बोलताना तोंडात सोन्याचा दात चमकवत.

ऑगी धावत जाऊन त्याला घेऊन आला. नेस्टरनं ती कवळी काढली, बघितली आणि हसला. म्हणाला, मला वाटलंच. त्याला वाटलं काहीच नव्हतं. माझी जागा घेतल्यावर मला कळलं, टाळूला दोन ठिकाणी रक्त आलं होतं.

दुसऱ्या दिवशी देशभर तोच विनोद. वर्तमानपत्रात व्यंगचित्र, रेडिओवर गाणं, कप्तानानं शेजाऱ्याचा दात पळवला म्हणून. नेस्टरही सगळ्यांबरोबर हसत होता. घरी टीव्हीपुढे लेस्याच्या मांडीवर बसलेल्या झेन्यानं म्हणे पहिल्याच वाक्याला सांगितलं होतं, "बाबाच्या तोंडात दुसऱ्याचे दात आहेत." चार वर्षांच्या पोरीला कळलं. लेस्या हे बहिणीला फोनवर सांगत होती, आणि तेव्हा बहीण हसली नाही.

सातव्या मॅचच्या आदल्या दिवशी थिबो घरी आला. हातात डोनटचा खोका. नेस्टर पडदे ओढून आतल्या खोलीत पडला होता. डोकं ठणकत असलं की तो मला काढून ठेवायचा, म्हणून मी खिडकीत होते. थिबो स्वयंपाकघराच्या दाराशीच उभा राहिला.

"वहिनी, ते बघून तुम्हाला हसू आलं?"

"नाही."

"मला आलं. मग गेलं." त्यानं खोका उगाचच या हातातून त्या हातात घेतला. "माझी कवळी तीन दातांची. त्याच्या तोंडात ती नीट बसूच शकत नाही. भातात खडा लागला तरी माणूस तोंड वाकडं करतो, वहिनी. माझ्या कवळीला रक्त लागलं होतं, हा रक्त गिळत मुलाखत देत होता. आणि बर्फावर मला दोनदा भलत्याच नावानं हाक मारली. त्या नावाचा माणूस संघ सोडून गेलाय, त्याला कितीतरी वर्षं झाली."

"मग हे मॅकीलना सांगा ना."

थिबोनं मान हलवली. "मी सांगितलं तर उद्या तो नसेल. तो नसेल तर आपण हरू. मला पण तो चषक पाहिजे, वहिनी. खोटं कशाला बोलू?"

"म्हणजे वाईटपणा मी घ्यायचा."

"हो," तो म्हणाला. मग खोका ओट्यावर ठेवून गेला.

त्या संध्याकाळी लेस्यानं नवऱ्यापुढे दातांच्या कण्या केल्या. तो ऐकून घेत होता आणि एकच म्हणत होता: एकच मॅच, मग उन्हाळाभर झोपतो. तिनं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, महिने तर त्यानं उलटे अगदी घडाघडा म्हटले. मॅकीलना केला. ते म्हणाले, बाईसाहेब, मोठ्या मॅचआधी बायका घाबरतातच, तुम्ही छान गरम आंघोळ करा. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. स्वतःवरचा तिचा विश्वास मुळात थोडा, आणि त्यातलाही सगळे मिळून काढून घेत होते. पण माझ्या वाकड्या दाताकडे बघता बघता तिचं काहीतरी ठरलं. मी पाहिलं. ओठ आत घेऊन दातांनी घट्ट धरला तिनं, स्वतःच्या.

दुसऱ्या दिवशी तोच बोळ. छप्पर उडेल असा वर गलका. लेस्याच्या कडेवर झेन्या, अंगावर करकोच्याची जर्सी. नेस्टरनं मला काढलं आणि हात पुढे केला. लेस्यानं दुसरा हात खिशातून काढला नाही.

"घे ना, लेथ्या."

"नाही घेणार."

त्याला वाटलं, ती थट्टा करतेय. मला त्यानं आणखी जवळ नेलं. ती एक पाऊल मागे सरली. बाजूनं जाणारे खेळाडू थांबले. हॉकीत हे असं कोणी करत नाही. मॅचआधीची पद्धत मोडणं म्हणजे देवळात चप्पल घालून जाणं.

"अख्खं थहर थांबलंय," तो म्हणाला.

"थांबू दे."

"मग मी ऑगीच्या पेल्यात ठेवतो."

"ठेव," लेस्या म्हणाली. तो वर्गातला आवाज होता. "आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. मग जा. हॅलिफॅक्सला तुझ्या तोंडात होते, ते कोणाचे दात?"

मॅकील तेवढ्यात दारातून बाहेर आले होते. "बाईसाहेब, बायकांनी या बोळात—"

"तुम्ही थांबा," ती त्यांच्याकडे न बघताच म्हणाली. "मी माझ्या नवऱ्याला विचारतेय. कोणाचे दात, नेस्टर?"

कॅनडातल्या शेंबड्या पोरालाही ते उत्तर पाठ होतं. दोन दिवस तोच विनोद ऐकून तो स्वतः खदाखदा हसत होता. त्याची जीभ रिकाम्या जागेत एकदा फिरली. तो आठवत होता. महिने उलटे आठवायचे तसा, आतल्या कुठल्यातरी ओळीवर बोट ठेवून. पण ही ओळ त्यानं पाठ केली नव्हती.

"ऑगीचे," तो म्हणाला.

ऑगी दाराशीच उभा होता, आणि त्याच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे होते. त्यानं ओठ मिटून घेतले, जणू त्याची चूक होती. थिबोनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मॅकील म्हणाले, "पॉली, चल, कपडे चढव," आणि त्यांचा आवाज मला आवडला नाही, कारण त्यांनीही ते ऐकलं होतं आणि तरीही म्हणत होते.

नेस्टरनं थिबोच्या तोंडाकडे पाहिलं. थिबोची कवळी ऑगीच्या पेल्यात होती. समोर तीन दातांची खिंड. मग त्यानं लेकीकडे पाहिलं. झेन्या हळूच म्हणाली, "थिबोकाकाचे होते, बाबा." परीक्षेत मित्राला उत्तर सांगावं तशी.

तो क्षण मी त्याच्या तळहातावरून पाहिला. हा हात किती वेळा मोडला होता, पण माझ्यावर कधी मिटला नव्हता. आता मिटला. भीतीनं असेल. रागानंही असेल, जन्मभर त्याला खाली पाडणाऱ्याला त्यानं उठून उत्तर दिलं होतं, आणि या वेळी पाडणारा कुठे उभा आहे तेच त्याला दिसत नव्हतं.

मग त्यानं मला उचललं आणि सगळ्यांसमोर तोंडात घातलं.

तुम्हाला यात काय कळणार? पण त्या बोळातल्या प्रत्येकाला कळलं. मॅचआधी जो दात तोंडात घालतो, तो खेळत नाही. मी जागेवर बसले, आकडे धरले, आणि इतक्या जोरात धरले की आता कोणी मला काढून दाखवावंच.

"सिंह म्हणता ना मला?" तो मॅकीलना म्हणाला. प्रत्येक 'स' स्वच्छ होता. "मग सिंह सांगतोय. नाही खेळत." आणि वळून, "लेस्या, चल. आपल्याला जागा कुठे मिळते बघू."

वर जिन्याच्या पायरीवर जागा मिळाली. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा हॉकी पाहिली, त्याच्या अर्ध्या उघड्या तोंडातून. देखणा खेळ आहे हो. पांढऱ्या बर्फावर माणसं अशी वळतात की जणू त्यांना वजनच नाही. माझ्या माणसाला लोक का डोक्यावर घेत, ते मला त्या एका संध्याकाळी कळलं, आणि तो त्यांच्यात नसताना कळलं.

आपण हरलो. एका गोलनं.

नंतरचं काही सुखाचं नव्हतं. रेडिओवर लोक फोन करून लेस्याचा उद्धार करत होते. कोणीतरी दारात नासक्या दुधाचा खोका फोडून गेलं. किराणा दुकानातली बाई सामान पिशवीत भरता भरता म्हणाली, चषक तुमच्यामुळे गेला. लेस्या म्हणाली, "हो, माझ्यामुळेच. अंडी वर ठेवा." आणि गाडीत येऊन रडली, आणि रडताना म्हणाली, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. सगळं शहर ज्या पेल्यासाठी तिच्यावर दात धरून होतं, तो चांदीचा. माझा कागदी. खरं सांगू, माझ्या पेल्यात निदान दात तरी सुखरूप राहतात.

नेस्टर पुन्हा खेळला नाही. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी त्याच्या डोक्याचे फोटो काढले आणि विचारलं, तुम्हाला कोणी थांबवलं? तो म्हणाला, पहिलीच्या बाईंनी.

आता पुष्कळ वर्षं झाली. शहराचा राग उतरला. परवा क्लबनं मान म्हणून त्याची जर्सी छताला टांगली, त्यासाठी त्याला सूट घालून बर्फावर उभं केलं. फोटोवाला म्हणाला, साहेब, हसा, दातांसकट की दातांशिवाय? नेस्टर म्हणाला, दातांसकट, त्यांनीच तर मला वाचवलं. लोक विनोद समजून हसले. थिबो हसला नाही. तो आला होता, हातात तसाच डोनटचा खोका घेऊन.

त्यानंतर हॉकीच्या संग्रहालयाचं पत्र आलं. नेस्टरची काठी, बूट, आणि शक्य असल्यास 'ती सुप्रसिद्ध कवळी' आम्हाला द्या, काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवू. काठी द्या. बूटही न्या. मला न्यायला मात्र येऊ नका. मखमलीवर बसून मी कोणाचा 'स' म्हणू? माझा रंग उडालाय, एक आकडा दोनदा जोडलाय, झेन्यानं स्वतःचे दुधाचे दात पडले तेव्हा मला घालून बघण्याच्या नादात जमिनीवर आपटलंय. पण मी कामावर आहे.

कारण अजून रोज सकाळी लेस्या मला पेल्यातून काढते, मूठ मिटते आणि नवऱ्यापुढे धरते.

"कोणाचे दात?"

बहुतेक दिवशी तो लगेच म्हणतो, "माझे, बाई." काही दिवशी जरा थांबतो. तेवढ्या वेळात मूठ आवळते, माझे आकडे त्या जुन्या खुणांवर बरोबर बसतात, आणि आम्ही दोघी वाट बघतो. मग उत्तर येतं. आतापर्यंत दर वेळी आलंय. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी ते आम्ही दोघी मिळून देऊ. तोंड त्याचं आहे, दात त्याचे आहेत, आणि ज्याला वाटत असेल की नाहीत, त्यानं पुढे येऊन ही मूठ उघडून दाखवावी.